टँकरच्या मागे धावणारा सिनेमा

मागच्या भागानंतर नांदेडहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, जग संपल्यावरचे हे सिनेमे लोकं एवढ्या आवडीनं का बघायलेत? आपल्याकडं काय हाल कमी आहेत का?" हसत विचारलं होतं त्यानं, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून आजचा भाग एकाच सिनेमावर, 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'वर. आणि अर्थातच लातूरवर.

सिनेमा मे २०१५ चा. दिग्दर्शक जॉर्ज मिलर, ऑस्ट्रेलियाचा, मूळचा डॉक्टर. पहिला 'मॅड मॅक्स' त्यानं १९७९ मध्ये काढला, हा चौथा. फेब्रुवारी २०१६ मध्ये याला सहा ऑस्कर मिळाले. आता पुढच्या तारखा बघा. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी नको म्हणून १४४ कलम लागलं. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. मी हा सिनेमा त्याच उन्हाळ्यात मित्राच्या लॅपटॉपवर पाहिला. बाहेर जिन्याखाली आमचे सहा ड्रम रिकामे होते.

गोष्ट दोन ओळींची आहे. वाळवंटात एक गड, त्यावर इमॉर्टन जो नावाचा म्हातारा. जमिनीखालचं पाणी त्याच्या ताब्यात. त्याची सेनापती फ्युरिओसा (शार्लिझ थेरॉन) त्याच्या कैदेतल्या पाच बायकांना एका टँकरमध्ये लपवून पळते आणि सगळी फौज तिच्या मागे लागते. मॅक्स (टॉम हार्डी) मध्येच अडकतो. टँकर जातो आणि टँकर परत येतो, बस्स. मराठवाड्यातल्या माणसाला याहून सोपी गोष्ट कुठली सांगणार? आपण टँकरच्या मागे पळूनच मोठे झालोत.

तर आवडतो कशामुळं? एक कारण अगदी कारागिरीचं आहे. इतका वेगवान सिनेमा बघताना डोळा थकायला पाहिजे, पण थकत नाही, कारण मिलरनं बघायची गोष्ट बहुतेक वेळा पडद्याच्या मधोमध ठेवलीय. शॉट बदलला तरी नजर शोधत बसत नाही. संकलन मार्गारेट सिक्सेल यांचं, मिलरची बायको. त्यांनी याआधी अ‍ॅक्शन सिनेमा कापला नव्हता, ऑस्कर त्यांनाही मिळालं. आपल्याकडच्या मारामारीत कोण कुणाला हाणतोय तेच कळत नाही कधीकधी, असो.

पण मला खरा धरून ठेवला तो सुरुवातीचा सीन. जो वरून एक दांडा ओढतो आणि कड्यातून पाण्याचे लोट खाली पडतात. खाली हजारो माणसं, हातात भांडी. काही क्षण, आणि पाणी बंद. वर हा लोकांनाच बजावतो की पाण्याची सवय लावून घेऊ नका. आम्ही लॅपटॉपसमोर चौघं होतो, चौघंही गप्प झालो.

म्हणजे बघा, हा सिनेमा दुष्काळाचा नाहीच. पाणी आहे, भरपूर आहे. प्रश्न आहे व्हॉल्व्ह कुणाच्या हातात. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचं का नाही, हे भांडण दर दुष्काळात होतं. इकडं मांजराकाठी ऊस उभा असतो आणि शहराला नळ नसतो. आपल्याकडं याला 'निसर्गाचा कोप' म्हणून मोकळे होतात. मिलर कोपाला तोंड देतो, मुखवटा देतो, आणि शेवटी तो मुखवटा उपटतोसुद्धा. ते बघताना जो आनंद होतो तो मला विध्वंसाचा वाटत नाही.

एका जागी मात्र सिनेमा खोटा वाटतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे टंचाई आली की माणूस जनावर होतो. आमच्या गल्लीत भांडणं झाली, कळशा आपटल्या, एकदा तर टँकरवाल्याची कॉलर धरली. पण रांगेत आधी ठेवलेली घागर कुणी हलवली नाही. समोरच्या काकूंचं ऑपरेशन झालेलं, त्यांचे दोन हंडे रोज कुणीतरी भरून ठेवायचं. कोण, ते मला आजवर माहीत नाही. असला सीन कुठल्याच जग-संपल्याच्या सिनेमात नसतो, कारण त्यात गाड्या उडत नाहीत.

आणि शेवटाकडचं ते वळण. फ्युरिओसा ज्या हिरव्या गावाकडं निघालेली असते, ते गावच उरलेलं नसतं, नुसता चिखल. पुढं मिठाचं वाळवंट. तेव्हा मॅक्स म्हणतो, मागे फिरू, पाणी तर तिकडंच आहे. त्या उन्हाळ्यात आमच्यातले दोघं पुण्याला निघायच्या बेतात होते. एकजण गेलाच. दुसरा अजून इथंच आहे, सिनेमामुळं नाही म्हणतो, घरच्या म्हशीमुळं.

एक गंमत सांगतो आणि थांबतो. याचं शूटिंग ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलला होणार होतं. तिथं एवढा पाऊस झाला की वाळवंटात फुलं उगवली, म्हणून सगळा बाडबिस्तरा नामिबियाला न्यावा लागला. लातुरातही त्याच वर्षी, २०१६ च्या पावसाळ्याच्या शेवटी मांजरा धरण भरलं. ज्या धरणात उन्हाळ्यात पोरं क्रिकेट खेळायची, तिथं लोकं पाणी बघायला गाड्या करून गेली. मी पण गेलो होतो. नांदेडच्या मित्रा, तुमच्या विष्णुपुरीवर तू कधी असा गेलास का, तेवढं कळव. पुढच्या भागात भेटू.