चकाकत्या रंगाखाली काय दडलंय?

लालभडक रंग, चमचमतं क्रोम आणि किल्ली फिरवताच घुमणारं व्ही-८ इंजिन! अमेरिकेत विक्रीला ठेवलेली, नव्यासारखी केलेली १९६४ची पॉन्टियाक जीटीओ पाहिली की कुणीही हरखून जाईल. पण पैसे मोजण्याआधी जरा थांबा.

१९६४मध्ये पॉन्टियाकने आपल्या मध्यम आकाराच्या ‘टेम्पेस्ट ल मान्स’मध्ये ३८९ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं दणकट इंजिन बसवलं. एका कार्ब्युरेटरवर ३२५ अश्वशक्ती, तीन लावले की ३४८! ‘मसल कार’ची लाट इथूनच उसळली, असं अनेक जण मानतात.

गंमत म्हणजे, पहिली दोन वर्षं जीटीओ हे वेगळं मॉडेल नव्हतंच. ते जादा पैसे देऊन घ्यायचं पॅकेज होतं. त्यामुळे त्या गाड्यांचा चॅसी नंबर साध्या ल मान्ससारखाच असतो. बिल्ले आणि इंजिन बदललं, की झाली नकली जीटीओ तयार! १९६६ ते १९७१पर्यंतच्या अस्सल जीटीओचा नंबर मात्र २४२ने सुरू होतो. म्हणूनच १९६४-६५ची गाडी घेताना कारखान्याच्या नोंदीची प्रत मागाच.

खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. पत्र्यावर ते चिकटलं नाही, तर रंगाखाली पुट्टी भरलेली असू शकते. मागच्या चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि डिकीचा तळ नीट बघा. गंज तिथेच लपतो.

नकली गाडी चालवायलाही मजा येते. फक्त तिच्यासाठी अस्सलची किंमत मोजू नका!