सांख्यिकीय संगणक प्रणालीतील चल व त्यांचे गुणधर्म : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

सामाजिक शास्त्रे, वाणिज्य, शिक्षणशास्त्र व गृहविज्ञान या विषयांतील संशोधनात प्रश्नावलीद्वारे माहिती गोळा करून तिचे संगणकावर विश्लेषण करणे ही आता नित्याची बाब झाली आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चारही जिल्हे त्यास अपवाद नाहीत. या कामासाठी प्रामुख्याने वापरली जाणारी एसपीएसएस ही प्रणाली १९६८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात नॉर्मन नाय, हॅडलाय हल व डेल बेंट यांनी विकसित केली. २००९ मध्ये ती आयबीएम या कंपनीकडे गेली. तिच्याच धर्तीवर चालणारी पीएसपीपी ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. संशोधकाचे लक्ष बहुधा 'टी' परीक्षण, 'काय' वर्ग परीक्षण, सहसंबंध गुणांक यांकडे असते. चलांची व्याख्या करण्याचे काम मात्र टंकलेखकाचे मानले जाते. प्रत्यक्षात पुढील सर्व निष्कर्ष याच कामावर उभे असतात, म्हणून प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

एसपीएसएसमध्ये माहितीचे दोन तक्ते असतात. 'डेटा व्ह्यू' मध्ये प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक उत्तरदाता व प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक चल होय. 'व्हेरिएबल व्ह्यू' मध्ये मात्र प्रत्येक ओळ म्हणजे एक चल असून रकान्यांत त्या चलाचे गुणधर्म नोंदविलेले असतात. त्यांत चलाचे नाव, प्रकार, रुंदी, दशांश स्थळे, वर्णन, मूल्यनामे, अनुपलब्ध मूल्ये व मापनश्रेणी हे प्रमुख गुणधर्म होत. पहिल्या तक्त्यात केवळ अंक असतात. त्या अंकांचा अर्थ दुसऱ्या तक्त्यात असतो.

संकेतांक आणि मूल्यनाम

२०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याचा संकेतांक ५११ व लातूरचा ५२४ आहे. एखाद्या संशोधकाने दोन्ही जिल्ह्यांतून समान संख्येने उत्तरदाते निवडले आणि 'जिल्हा' या चलाचे मध्यमान काढण्याची आज्ञा दिली, तर प्रणाली ५१७.५ हे उत्तर विनातक्रार देते. ५१७ हा ठाण्याचा व ५१८ हा मुंबई उपनगराचा संकेतांक आहे. नांदेड आणि लातूर यांची सरासरी ठाणे व मुंबई उपनगर यांच्या मध्ये कोठेतरी येते, असा त्याचा अर्थ कोणीही लावणार नाही. परंतु व्यवसाय, धर्म, शाखा, प्रवर्ग यांना दिलेल्या १, २, ३ अशा अंकांचे मध्यमान व प्रमाण विचलन छापलेल्या सारण्या मात्र प्रबंधांतून आढळतात. तेथे अंक लहान असल्यामुळे विसंगती डोळ्यांत भरत नाही, एवढाच फरक.

एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मापनाच्या नामनिर्देशक, क्रमनिर्देशक, अंतर व गुणोत्तर अशा चार श्रेणी मांडल्या. एसपीएसएस शेवटच्या दोन श्रेणी एकत्र करून 'स्केल' म्हणते. 'मेजर' या रकान्यात योग्य श्रेणी नोंदविली तरी वर्णनात्मक सांख्यिकीची आज्ञा नामनिर्देशक चलाचे मध्यमान काढण्यास नकार देत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. हा रकाना संशोधकाला आठवण करून देतो, त्याला अडवीत नाही.

मूल्य आणि मूल्यनाम वेगळे ठेवण्याचा लाभ मराठवाड्याच्या संशोधकास सहज पटावा. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव व औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. ज्याने ५२५ व ५१५ हे संकेतांक भरून नावे मूल्यनामात ठेवली होती, त्याला केवळ दोन मूल्यनामे बदलावी लागली. ज्याने प्रत्येक ओळीत जिल्ह्याचे नाव अक्षरांत भरले होते, त्याच्या धारिकेत एकाच जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले.

याची उलट बाजू अधिक फसवी आहे. नाव तेच राहते व आशय बदलतो. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून वेगळा झाला, तर हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून. त्यामुळे १९८१ च्या जनगणनेतील 'उस्मानाबाद' मध्ये आजचा लातूर अंतर्भूत आहे आणि १९९१ मधील 'परभणी' मध्ये आजचा हिंगोली. या चलांची दशकवार तुलना करणाऱ्यास परभणीची लोकसंख्या एकाएकी घटलेली दिसेल. चलाच्या वर्णनात 'परभणी, १९९१ च्या सीमांनुसार' असे लिहिले असेल तरच हा घोटाळा टळतो. एसपीएसएस वर्णनासाठी २५६ बाइट देते, परंतु तो रकाना बहुधा रिकामा आढळतो.

अक्षरचलांची अडचण

देवनागरीतून माहिती भरणाऱ्यांसाठी रुंदी हा गुणधर्म विशेष महत्त्वाचा आहे. सोळाव्या आवृत्तीपासून एसपीएसएस युनिकोड स्वीकारते. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते, आणि काना, मात्रा, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे गणली जातात. 'लातूर' या शब्दास १५ व 'नांदेड' या शब्दास १८ बाइट लागतात. अक्षरचलाची मूळ रुंदी ८ असते. ती वाढविली नाही तर 'नांदेड' मधील केवळ 'ना' शिल्लक राहतो. शिवाय 'लातूर' व 'लातुर' हे प्रणालीच्या दृष्टीने दोन वेगळे गट होत. म्हणून मुक्त उत्तरांचे चल वगळता इतरत्र संकेतांक वापरणेच इष्ट ठरते.

एकर, गुंठे आणि दशांश चिन्ह

ग्रामीण सर्वेक्षणात सर्वाधिक हानी करणारी चूक जमीनधारणेच्या चलात होते. शेतकरी आपली जमीन 'दोन एकर वीस गुंठे' अशी सांगतो आणि प्रश्नावलीत ती २.२० अशी लिहिली जाते. एका एकरात ४० गुंठे असल्यामुळे तिचे खरे मूल्य २.५० एकर आहे. प्रणाली मात्र २.२० एकर असेच वाचते. उदाहरणादाखल पाच शेतकऱ्यांच्या नोंदी १.१०, २.२०, ०.३०, ३.२० व १.२० अशा घेतल्यास प्रणालीच्या हिशेबाने बेरीज ८.०० व मध्यमान १.६० एकर येते. वास्तविक बेरीज ९.५० व मध्यमान १.९० एकर आहे. ही चूक नेहमी एकाच दिशेने, म्हणजे जमीन कमी दाखविण्याकडे होते. त्यामुळे नमुना मोठा घेतल्याने ती भरून निघत नाही.

एवढ्यावरच हे थांबत नाही. कृषी गणनेत एक हेक्टरपेक्षा कमी धारणा असलेला शेतकरी सीमांत व एक ते दोन हेक्टर धारणा असलेला लघु मानला जातो. २.२० एकर म्हणजे सुमारे ०.८९ हेक्टर, तर २.५० एकर म्हणजे सुमारे १.०१ हेक्टर. वर उल्लेखिलेला शेतकरी वस्तुतः लघु असून सारणीत तो सीमांत म्हणून मोजला जातो. सीमांत शेतकऱ्यांचे प्रमाण हाच ज्या प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष असतो, त्याच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक म्हणता येणार नाही.

सातबारा उताऱ्यावरील हेक्टर-आर नोंदीत ही अडचण उद्भवत नाही, कारण १०० आर म्हणजे एक हेक्टर, आणि १.२० ही नोंद दशांश म्हणूनही बरोबर असते. म्हणजे काही नोंदी उताऱ्यावरून व काही तोंडी माहितीवरून घेतल्यास एकाच रकान्यात दोन भाषा बोलल्या जातात. 'डेसिमल्स' हा गुणधर्म बदलून यातून सुटका होत नाही, कारण तो केवळ अंक पडद्यावर कसा दिसावा हे ठरवितो. प्रणालीस २.२ (दोन एकर दोन गुंठे समजून लिहिलेले) व २.२० यांत भेद करता येत नाही. एकर व गुंठे असे दोन स्वतंत्र चल ठेवावेत आणि गुंठ्यांना ४० ने भागून ते एकरात मिळविण्याचे काम 'कम्प्युट' या आज्ञेवर सोपवावे.

शून्य, रिकामी जागा व अनुपलब्ध मूल्य

एका वर्गात ६० विद्यार्थी असून ६ परीक्षेस गैरहजर आहेत व उर्वरित ५४ जणांचे मध्यमान ५० आहे, असे समजू. गैरहजरांना ० दिल्यास मध्यमान ४५ होते. ९९ हा संकेतांक देऊन तो अनुपलब्ध म्हणून घोषित करण्यास विसरल्यास ते ५४.९ होते. ९९९ देऊन तीच विसर पडल्यास १४४.९ होते. शंभर गुणांच्या परीक्षेत हे शेवटचे मध्यमान पाहताच चूक कळते. पहिली दोन मध्यमाने कोणालाही खटकणार नाहीत. म्हणून अनुपलब्धतेचा संकेतांक चलाच्या शक्य मूल्यांच्या बाहेरचाच, शक्य तितका विसंगत निवडावा आणि 'मिसिंग' या रकान्यात तो घोषित करावा. एसपीएसएस अशी तीन स्वतंत्र मूल्ये, अथवा एक पल्ला व एक मूल्य स्वीकारते. त्यामुळे 'उत्तर दिले नाही', 'माहीत नाही' व 'लागू नाही' यांना निरनिराळे संकेतांक देता येतात. जनगणनेत १९९१ पासून साक्षरतेचे प्रमाण सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येतच काढले जाते. चार वर्षांच्या बालकास 'लागू नाही' ऐवजी 'निरक्षर' हा संकेतांक दिला तर गावाची साक्षरता अकारण घसरते.

लातूर जिल्ह्यात या भेदास वेगळेच गांभीर्य आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या प्रदेशात पर्जन्यमान हा चल अनेक अभ्यासांच्या केंद्रस्थानी असतो. 'पाऊस पडला नाही' व 'पाऊस मोजला गेला नाही' या दोन घटनांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. भारतीय हवामान विभागाच्या जाळीबद्ध पर्जन्य माहितीत अनुपलब्धतेसाठी उणे ९९९ हे मूल्य वापरलेले असते, ते याच कारणाने. येथे आणखी एक सूक्ष्म धोका आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे चल अधिक चिन्हाने मिळविल्यास आणि एका महिन्याची नोंद नसल्यास बेरीजही अनुपलब्ध राहते. 'सम' हे फलन वापरल्यास मात्र उपलब्ध तीन महिन्यांचीच बेरीज मिळते, म्हणजे न मोजलेला महिना नकळत कोरडा धरला जातो आणि कागदावर दुष्काळ पडतो. 'सम.४' असे लिहिल्यास चारही नोंदी असल्याशिवाय बेरीज दिली जात नाही.

दोन धारिका एकत्र करताना

नांदेडची माहिती एकाने व लातूरची दुसऱ्याने भरली असता दोन्ही धारिका 'अॅड केसेस' या आज्ञेने जोडल्या जातात. एकाने पुरुष १ व स्त्री २, आणि दुसऱ्याने स्त्री १ व पुरुष २ असे संकेतांक दिले असतील, तर प्रणाली पहिल्या धारिकेची मूल्यनामे संपूर्ण माहितीस लावते. लातूरच्या सर्व स्त्रिया पुरुष होतात आणि कोठेही चुकीची सूचना येत नाही. एका धारिकेचे गुणधर्म दुसरीस देणारी 'कॉपी डेटा प्रॉपर्टीज' ही सोय माहिती भरण्यापूर्वी वापरल्यास उपयुक्त आहे. संकेतांक भरून झाल्यानंतर ती वापरल्यास केवळ नावे बदलतात, अंक तेच राहतात. म्हणून जोडणीपूर्वी 'डिस्प्ले डिक्शनरी' या आज्ञेने दोन्ही धारिकांचे चलकोश छापून घ्यावेत, ते ओळीने ताडून पाहावेत, आणि प्रत्येक चलाची वारंवारता सारणी मूळ प्रश्नावल्यांच्या गठ्ठ्यातील काही नमुन्यांशी जुळवून मगच जोडणी करावी.