उपचार घेतला म्हणून सही रद्द होत नाही!

गोंदियाजवळच्या बिरसीची ओळख आज विमानतळाने होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी येथे धावपट्टी बांधली. पुढे वैमानिक प्रशिक्षण संस्था आली, २०२२ मध्ये प्रवासी विमानही उडाले. मात्र विमानतळाच्या विस्तारासाठी ज्यांची घरे-जमिनी गेली, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. मोबदल्याच्या हिशेबात विहीर मोजली जाते, आंब्याचे झाड मोजले जाते. उडालेली झोप, छातीतली धडधड, घरातल्या बाईचे गप्प गप्प होणे कोणत्या पंचनाम्यात येते?

अशा माणसासाठी आज एक सोय आहे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलिमानस' सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक लावला की रात्री-अपरात्रीही समुपदेशकाशी बोलता येते, तेही मराठीत किंवा हिंदीत आणि पैसे न देता. गरज पडल्यास पुढे तज्ज्ञाशी जोडून दिले जाते. राज्यात शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच. बिरसीहून नागपूर गाठायचे तर दिवसाची मजुरी बुडते. सोबत माणूस न्यावा तर दोघांची. म्हणूनच फोनवरचा उपचार आम्ही शहरी लोकांचे चोचले मानत नाही.

तरीही माणसे फोन करीत नाहीत. लोक काय म्हणतील, हे एक कारण झालेच. पण जमिनीच्या दाव्यांत आम्हाला आणखी एक भीती ऐकू येते. डॉक्टरचा कागद झाला तर आपल्याला वेडा ठरवतील, मोबदल्याच्या कागदावरची सही चालणार नाही, भाऊबंद सातबाऱ्यावरून नाव उडवतील! विधवा बाईच्या मनात तर हे भय घर करूनच असते.

हे भय निराधार आहे, आणि ते निराधार ठरवणारा कायदा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचे कलम ३ स्पष्ट सांगते की, मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कोणी विकल मनाचा ठरत नाही; तसे ठरवायचे तर सक्षम न्यायालयच लागते. पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आज कोणाला आजारी म्हणता येत नाही. माणसाच्या सामाजिक वा आर्थिक स्थानावरून तर मुळीच नाही. कलम २३ प्रमाणे उपचाराची माहिती गुप्त ठेवली पाहिजे. भाऊबंदांनी दवाखान्यात जाऊन कागद मागितला म्हणून तो द्यायचा नसतो. तेव्हा झोप येत नाही म्हणून फोन केला, याने कोणाचा हिस्सा जात नाही, हे बायाबापड्यांना समजावून सांगितले पाहिजे.

आता फोन करायचा कुठून? घरात एक मोबाइल, तो मुलाच्या खिशात. खोल्या दोन, माणसे सहा. सासूच्या कानाशी बसून सून काय बोलणार? आरोग्य उपकेंद्रात आठवड्यातून दोन दिवस, दार लावता येईल अशी एक खोली आणि एक फोन, एवढी मागणी ग्रामसभेच्या ठरावाने करता येते. विहारातली खोलीही तासभर चालेल. विहार काय फक्त वंदनेसाठीच आहे?

दुसरी गोष्ट ऐकणाऱ्याची. आमचा माणूस 'मला नैराश्य आले' असे म्हणत नाही. मन लागत नाही, पोटात गोळा येतो, अंग जड पडते, असे म्हणतो. कोणी झाडीबोलीत बोलतो, कोणी पोवारीत. आणि जातीवरून अपमान झाला असे सांगणाऱ्याला 'दुर्लक्ष करा, सकारात्मक विचार करा' हा सल्ला उपचार नव्हे. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले ते २९ सप्टेंबर २००६ रोजी. पत्नी आणि तीन लेकरे गमावलेले भैयालाल भोतमांगे त्यानंतर दहा वर्षे कोर्टकचेरी पाहत जगले आणि २० जानेवारी २०१७ रोजी गेले. एवढा आघात घेऊन जगणाऱ्या माणसाला सकारात्मक विचाराचा कोणता धडा देणार? अत्याचारग्रस्तांच्या पुनर्वसनात जमीन, नोकरी आणि रोख मदत यांच्याबरोबर मनावरच्या जखमेचा उपचारही हक्काने मागितला पाहिजे.

हक्काने म्हणतो, कारण कलम १८ मध्ये परवडणारी, जवळची आणि जातीवरून भेदभाव न करणारी सेवा असा शब्द आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला शासकीय दवाखान्यात हा उपचार मोफत आहे, कार्ड असो वा नसो. किमान सेवा जिल्ह्यात नसेल, तर त्याच जिल्ह्यात अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने सोसायचा आहे. मोबाइलवरच्या खासगी अॅपवाल्यांना पैसे देण्यापूर्वी मात्र समोरचा डॉक्टर आहे की नुसता बोलका माणूस, हे विचारावे. डॉक्टर असेल तर नोंदणी क्रमांक मागावा. त्यात लाज कसली?

आणि प्रशासनानेही एक ध्यानात घ्यावे. समुपदेशकाचा क्रमांक हातात दिला म्हणजे पुनर्वसन झाले, असे होत नाही. घराचा प्रश्न घरानेच सुटतो. या कायद्यातले हक्क नाकारले गेले, तर कलम २७ प्रमाणे वकील मोफत मिळतो. अर्ज गोंदियाच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा.