शेगडीची कॉइल

विजेच्या शेगडीची नवी कॉइल दुकानातून आणली की ती दाट वेटोळ्यांची, अगदी आखूड असते. ती सारखी ताणून चिनी मातीच्या ताटलीतल्या खाचेत बसवायची, हेच काय ते कसब. ताण कमीजास्त झाला, तर दाटीचे वेढे जास्त तापतात आणि कॉइल एक दिवस तिथेच तुटते.

ही तार नायक्रोमची; साधारण 80 टक्के निकेल, 20 टक्के क्रोमियम. अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्श यांना 1906 मध्ये तिचे पेटंट मिळाले. लालबुंद तापूनही ती हवेत जळून जात नाही, कारण क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर तिच्या अंगावर धरतो आणि आतला धातू वाचतो.

तारेतले इलेक्ट्रॉन पुढे सरकताना अणूंना अडखळतात, त्यांची ऊर्जा अणूंकडे जाते आणि अणू अधिक थरथरू लागतात. ही थरथर म्हणजेच उष्णता. नायक्रोममध्ये दोन जातींचे अणू अस्ताव्यस्त मिसळलेले असल्याने अडखळणे फार. तेवढ्याच लांबी-जाडीला त्याचा रोध तांब्याच्या साठपटींहून जास्त भरतो. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूल यांनी 1841 मध्ये मांडले.

आता हिशेब पाहा. 230 व्होल्टवर 1000 वॅटची कॉइल सुमारे 4.3 अँपिअर प्रवाह घेते. तिचा रोध 53 ओहम. नेमका तेवढाच प्रवाह भिंतीतल्या वायरमधूनही जातो. पण एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या वायरीचा जाऊन-येऊन 20 मीटरचा रोध पाऊण ओहमाच्या निम्म्याहूनही कमी. त्यात साडेसहा वॅट उष्णता होते, तीही 20 मीटरभर विखुरलेली. म्हणून शेगडी लाल आणि वायर गार.

रोध जास्त तर उष्णता जास्त, असे मात्र सरसकट म्हणू नये. व्होल्टेज ठरलेले असते, त्यामुळे 2000 वॅटच्या कॉइलचा रोध 1000 वॅटच्या निम्मा असतो. तुटलेली कॉइल आकडा घालून जोडायचा आपल्याकडचा जुगाड इथेच फसतो: जळके टोक काढल्याने तार आखूड होते, रोध घटतो, प्रवाह वाढतो, आणि सैल आकड्याच्या जागी ती पुन्हा तुटते.

सैल सांध्याचा हाच दोष सॉकेटातही असतो. पिन नीट बसली नाही की तेवढ्याशा जागी रोध वाढतो आणि प्लॅस्टिक तपकिरी पडते. शेगडी किंवा गीझर चालू असताना प्लग हाताला गरम लागला, तर स्विच बंद करा आणि वायरमनकडून सॉकेट बदलून घ्या.