स्वमग्न मूल आणि घरातील पहिली शाळा

चारचौघांत कसे वावरावे हे लहान मूल कोणत्याही पाठ्यपुस्तकातून शिकत नाही. आईचा चेहरा पाहून ते हसते, आकाशातील पक्षी बोटाने दाखविते, आजोबांनी देवापुढे हात जोडले की आपलेही इवलेसे हात जोडते. हे शिक्षण इतके सहज घडते की, ते शिक्षण आहे याची जाणीवही कोणास होत नाही. परंतु काही मुलांच्या बाबतीत ही वाट आपोआप उघडत नाही. हाक मारली तरी ती वळून पाहत नाहीत, इतर मुले खेळत असताना एखादे चाक तासन् तास फिरवीत बसतात, नेहमीचा रस्ता बदलला तरी व्याकुळ होतात. या अवस्थेस स्वमग्नता किंवा ऑटिझम असे म्हणतात.

अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या निरीक्षणावरून या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर बरीच वर्षे मातेच्या कोरड्या वागणुकीमुळे मूल असे होते, असा समज रूढ होता. पुढील संशोधनाने तो निराधार ठरविला. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता असून तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. ती ग्रहणामुळे, दृष्ट लागल्यामुळे किंवा आईच्या दुर्लक्षामुळे होत नाही. ती समूळ घालविणारे औषधही नाही. मात्र अशा मुलास संवाद आणि सहवास शिकविता येतो, आणि त्या कामी आईवडिलांइतका जवळचा शिक्षक दुसरा नाही.

वाट पाहण्यात वर्षे जातात

"याचा बापही उशिराच बोलला होता," असे घरातील वडीलधारी मंडळी धीर देण्यासाठी म्हणतात. त्यामागे माया असते, परंतु त्यात मोलाची वर्षे निघून जातात. एक वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर प्रतिसाद देत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोटाने काही दाखवीत नसेल, किंवा आलेले शब्द गमावीत असेल, तर त्याची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. प्रथम श्रवणदोष नाही ना, याची खात्री करावी. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात. अशा मुलास त्यांना अवश्य दाखवावे व जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे न्यावे.

आधी मुलाच्या जगात प्रवेश

मुलाने आपल्याकडे पाहावे म्हणून त्याची हनुवटी धरून मान वळविणे, हा पालकांचा स्वाभाविक पण निष्फळ प्रयत्न होय. नजरेला नजर देणे अनेक स्वमग्न व्यक्तींना त्रासदायक वाटते, आणि न पाहताही त्या ऐकत असतात. म्हणून मुलाला आपल्याकडे ओढण्याऐवजी आपण त्याच्याजवळ जावे. ते चाक फिरवीत असेल तर समोर जमिनीवर बसून आपणही चाक फिरवावे, "फिरलं, थांबलं" एवढेच म्हणावे आणि गप्प राहून वाट पाहावी. मुलाने एक कटाक्ष टाकला, हात पुढे केला किंवा नुसता हुंकार दिला, तरी ते त्याचे बोलणे समजून लगेच उत्तर द्यावे.

या पद्धतीची परीक्षा गोव्यात झाली आहे. इंग्लंडमध्ये विकसित झालेली पालकांना मार्गदर्शन करण्याची एक पद्धत दक्षिण आशियास अनुरूप करून गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे वापरण्यात आली. गोव्यातील काम 'संगाथ' या संस्थेने केले. २०१३ साली या अभ्यासासाठी ६५ मुलांची निवड झाली. तज्ज्ञ डॉक्टरांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या सामान्य आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना १२ सत्रांत मार्गदर्शन केले. पालक मुलाशी खेळत असतानाचे चित्रीकरण दोघांनी मिळून पाहावयाचे आणि संवाद कोठे जुळला ते शोधावयाचे, अशी ही रीत. मार्गदर्शन लाभलेले पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि ती मुले स्वतःहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली, असे आढळले. सर्वच बाबतींत लाभ झाला असे मात्र नाही. दोघांचे लक्ष एकत्र गुंतून राहण्याचा वेळ या गटात उलट कमी भरला. तथापि तज्ज्ञ दुर्मिळ असलेल्या भागातही हे काम होऊ शकते, हा यातील बोध महत्त्वाचा आहे.

घरचा दिनक्रम हाच अभ्यासक्रम

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. झोका देताना "एक, दोन..." म्हणून थांबावे; "तीन" म्हणण्याची किंवा तसा इशारा करण्याची संधी मुलाला मिळते. भाकरी करताना पिठाचा एक गोळा त्याला द्यावा आणि "आता माझी पाळी, आता तुझी पाळी" असे करीत थापावा. पाळी सांभाळणे हा सामाजिक व्यवहाराचा पाया होय. "तुला पाणी हवं का?" हे वाक्य मूल जसेच्या तसे उच्चारीत असेल तर बहुधा त्यालाच तहान लागलेली असते. अशा वेळी रागावू नये. पाणी देताना "मला पाणी हवं" हे त्याच्या वतीने आपण म्हणावे.

लग्नसमारंभ किंवा जत्रा यांस जाण्यापूर्वी तेथे काय काय घडेल हे साध्या चित्रांनी क्रमवार दाखवावे. ध्वनिक्षेपक सुरू होण्याआधी पोहोचावे, शांत कोपरा हेरून ठेवावा आणि मूल थकण्यापूर्वी परतावे. गोंगाटात त्याचे किंचाळणे हा हट्ट नसून असह्य झाल्याची खूण असते. तसेच "नको" म्हणावयास त्याला आवर्जून शिकवावे. निमूटपणे सर्वांचे ऐकणारे मूल गुणी दिसते, पण ते सुरक्षित नसते.

खेळगडी आणि शाळा

प्रारंभी एकच समंजस सवंगडी, एकच खेळ आणि थोडाच वेळ, एवढे पुरे. 'तळ्यात-मळ्यात'सारखा खेळ यास सोयीचा. नियम स्पष्ट आणि बोलण्याची गरज अल्प. शिक्षकांनी सूचना छोट्या व सरळ शब्दांत द्याव्यात. "पोटात कावळे ओरडताहेत" असे ऐकून एखादे मूल खरोखरच कावळे शोधू लागेल! वर्गातील इतर मुलांनाही या सोबत्याचा स्वभाव समजावून सांगावा. सामाजिक कौशल्य केवळ एकाच बाजूने शिकावयाचे नसते.

गावाची जबाबदारी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या बालकास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. प्रमाणपत्रासाठी पालकांना जिल्ह्याच्या ठिकाणी नेण्याची सोय करणे, अंगणवाडीत पालकांची बैठक भरविणे, ही कामे ग्रामपंचायतीस सहज करता येतील.

परंतु निधीइतकीच आणखी एका गोष्टीची निकड आहे. लोकांच्या नजरा चुकविण्यासाठी अशी कुटुंबे हळूहळू लग्नकार्यांना, हळदीकुंकवाला जाणे सोडतात. ज्या मुलाला माणसांत वावरणे शिकावयाचे आहे, त्याच्याच वाट्याला माणसे येईनाशी होतात. आईवडील घरात जे कष्टाने शिकवितात, त्याचा सराव त्याने करावयाचा तो गावातच. अशा कुटुंबाला पुढच्या कार्याचे बोलावणे अगत्याने करावे आणि मूल ओरडले तरी कोणी मान वळवून पाहू नये, एवढे तर कोणत्याही गावाला आजपासून करता येईल.