संगणकावरील आपले अंगण

संगणकावर ब्राउझर उघडताच जे पान प्रथम डोळ्यांसमोर येते, त्यास मुख्यपृष्ठ म्हणतात. प्रारंभी हे पान सर्वांना एकसारखेच दिसे. संपादकाने मांडावे आणि वाचकाने वाचावे, असाच तो व्यवहार होता. परंतु कोणास हवामान पाहिजे असते, कोणास संगीत, तर कोणास दूरदेशी गेलेल्या मुलाची छायाचित्रे. मग प्रत्येकाने आपले पान आपणच का मांडू नये? अमेरिकेत १९९६ साली ‘माय याहू’ने ही कल्पना प्रत्यक्षात आणली. २००५ साली गूगलने असेच पान सुरू केले आणि २००७ साली त्यास ‘आयगूगल’ हे नाव दिले. पॅरिस येथील ‘नेटव्हाइब्ज’ हेही २००५ सालचेच.

अशा पानावर लहान लहान चौकटी असत. हव्या त्या चौकटी निवडाव्यात, नको त्या काढून टाकाव्यात, एकीखाली दुसरी लावावी, एवढेच काम. पण या चौकटींत रोज नवा मजकूर येई कोठून? यामागील युक्ती मोठी साधी आहे. प्रकाशक आपल्या नव्या मजकुराची एक यादी ठेवतो. तीत मथळा, दिनांक आणि पत्ता असतो. या यादीस ‘फीड’ असे म्हणतात. आपले पान ठराविक वेळाने ती यादी वाचते आणि नवे काही आढळल्यास आपल्यापुढे ठेवते. ही पद्धती १९९९ साली नेटस्केप या कंपनीने अशाच एका वैयक्तिक मुख्यपृष्ठासाठी प्रथम योजली, हे येथे ध्यानात ठेवावे.

अक्षरांपाठोपाठ ध्वनी आला. पत्राबरोबर आपण जसे एखादे कागदपत्र जोडून धाडतो, तशी फीडमधील नोंदीस ध्वनिमुद्रण जोडण्याची सोय २००० सालच्या डिसेंबरात डेव्ह वायनर यांनी केली. ध्वनिमुद्रण कोठे आहे, किती मोठे आहे आणि कोणत्या प्रकारचे आहे, या तीन गोष्टी त्या नोंदीत लिहिलेल्या असतात. याच सोयीतून पॉडकास्ट जन्मास आला. ते नाव २००४ साली ‘गार्डियन’ या इंग्रजी वृत्तपत्रातील बेन हॅमर्सली यांच्या लेखात प्रथम आले.

छायाचित्रे आणि चलच्चित्रे यांचीही व्यवस्था लवकरच झाली. २००४ साली निघालेल्या ‘फ्लिकर’वर ठेवलेली नवी छायाचित्रे फीडद्वारे लहान आकारात पानावर उमटत. २००५ साली ‘यूट्यूब’ आले. तेथील चित्रफीत मूळ जागीच राही आणि पानावर केवळ तिची खिडकी उघडे. अशा रीतीने वार्ता, वाणी आणि चित्र ही तिन्ही एकाच अंगणात नांदू लागली.

परंतु अंगण जरी आपण सजवले, तरी जागा दुसऱ्याची होती. जुलै २०१२ मध्ये गूगलने ‘आयगूगल’ बंद करण्याचे घोषित केले आणि १ नोव्हेंबर २०१३ रोजी ते बंद झाले. सूचना सोळा महिने आधी मिळाली होती, हे खरे. तथापि हौसेने मांडलेली ती पाने त्या दिवसानंतर कोणास उघडता आली नाहीत. नवलाची गोष्ट अशी, की ज्या पानांसाठी फीडची योजना झाली ती पाने मावळली, पण फीड मात्र टिकून राहिले. पॉडकास्ट आजही मुख्यत्वे त्याच मार्गाने श्रोत्यांपर्यंत पोचतात. याचे कारण उघड आहे. फीड कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. त्याचे नियम सर्वांना खुले आहेत.

यावरून कुटुंबाने काय बोध घ्यावा? पहिली गोष्ट अशी, की आवडीचे पॉडकास्ट फीड वाचणाऱ्या ॲपमध्ये साठवावेत आणि त्यांची यादी अधूनमधून उतरवून आपल्यापाशी ठेवावी. बहुतेक ॲपांत तशी सोय असते. एक ॲप बंद पडले, तर तीच यादी दुसऱ्यात भरता येते. दुसरी गोष्ट खर्चाची. सर्वसाधारण चांगल्या प्रतीच्या, म्हणजे १२८ किलोबिटच्या, तासाभराच्या ध्वनिमुद्रणास सुमारे ५८ मेगाबाइट लागतात आणि चित्रफितीस त्याहून पुष्कळच अधिक. म्हणून चित्रफीत आपोआप सुरू होऊ देऊ नये.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आजोबांचा ध्वनिमुद्रित आवाज, बारशाची छायाचित्रे, लग्नाची चित्रफीत ही परक्या जागेवर एकुलती एक म्हणून ठेवू नयेत. मूळ प्रती घरी, निदान दोन ठिकाणी असाव्यात. शिवाय सर्वांस खुल्या असलेल्या पानावर मुलाबाळांची छायाचित्रे लावण्यापूर्वी दहादा विचार करावा.

ज्यांना हौस आहे, त्यांना स्वतःचे मुख्यपृष्ठ आपल्याच संगणकावर रचता येईल. २०१४ साली प्रमाण ठरलेल्या एच. टी. एम. एल.च्या पाचव्या आवृत्तीत ध्वनी आणि चित्रफीत दाखवण्याच्या खुणा अंगभूत आहेत. छायाचित्राची खूण तर पूर्वीपासूनच आहे. साध्या मजकुराच्या धारिकेत या खुणा लिहून ती धारिका ब्राउझरमध्ये उघडली, की आपले पान सिद्ध झाले. घरातील एखाद्या शाळकरी मुलासही हे चार संध्याकाळी शिकता येईल. त्या पानावर रोजच्या वार्ता आपोआप येणार नाहीत, हे खरे. पण आजोबांचा आवाज आपण ऐकू म्हटले तेव्हा ऐकू येईल, आणि ते पान बंद करण्याची सूचना कोणी धाडू शकणार नाही.