मधल्या खांबाविना

संपादकांना गोंदियाच्या राईस मिलवर लेख हवा होता. मिलची यंत्रं कुठे बनतात ते बघायला मुर्रीत एका वेल्डिंगच्या दुकानात शिरलो आणि जिन्यात अडकलो.

मुर्री गोंदियाला लागूनच. हॉपर, सायक्लोन, एलिव्हेटरचे डबे, कोंडा पुढे ढकलणारे स्क्रू हे इथल्या फॅब्रिकेशनवाल्यांच्या ओळखीचं काम. आता नवी घरं बांधणारे मोबाइलवर फोटो घेऊन येतात. हॉलमधून वळत वर गेलेला जिना, आणि मध्ये खांबच नाही.

खांबाचा गोल जिना आपल्याकडे जुना. मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या इमारती गिल्बर्ट स्कॉटने भारतात पाऊल न टाकता आखल्या, त्यांत दगडी गोल जिने आहेत. मुंबईतल्या जुन्या घरांच्या मागच्या अंगाला लोखंडी गोल जिने असत, ते सफाई कामगारांसाठी. म्हणजे ज्यांना पुढच्या दाराने येऊ द्यायचं नाही त्यांच्यासाठी. तोच आकार आता पाहुण्यांना दाखवायला दिवाणखान्यात आला आहे!

खांब असला की काम सोपं. पायऱ्या पाइपात ओवायच्या, एकेक फिरवून वेल्ड मारायची. खांब काढला की भार कडेच्या दोन पट्ट्यांवर येतो, आणि त्यांना वळायचंही असतं नि चढायचंही.

दुकानाच्या मिस्त्रींनी फरशीवर खडूने दोन वर्तुळं काढली. मजला 10 फुटांचा. साडेसात इंचांचे 16 चढ, म्हणजे मध्ये 15 पायऱ्या. एकेक पायरी 18 अंशांची, एकूण पाऊण फेरा. बाहेरची त्रिज्या 5 फूट, आतली दीड. बाहेरची पट्टी उलगडून सरळ केली तर सव्वापंचवीस फूट भरते, आतली पावणेबाराच. उंची मात्र दोघींनी सारखीच गाठायची. म्हणून बाहेरची कड साधारण 22 अंशांत निवांत चढते आणि आतली 53 अंशांत अंगावर येते. तीच पायरी बाहेर जवळजवळ 19 इंच, आत साडेपाच.

खरी कसोटी आतल्या रेलिंगच्या पाइपाची. नकाशात त्रिज्या दीड फूट दिसते म्हणून पाइप दीड फुटाला वाकवला तर तो भंगारात गेला. वाकवायचा चार फुटांहून थोड्या जास्त त्रिज्येला, मग पीळ देत वर ओढायचा. ताणलेल्या स्प्रिंगसारखा त्याचा घेर आक्रसतो आणि दीड फुटावर येऊन बसतो. कागदावर हे सूत्राने सुटतं. मिस्त्रींना ते मिलच्या स्क्रूने शिकवलं. स्क्रूची पाती पत्र्याच्या चकतीतून निघते. चकती मधून चिरायची, ओढायची आणि दांड्यावर बसवायची. भोक दांड्याएवढंच कापलं तर ओढल्यावर ते आवळतं आणि पाती चढतच नाही, म्हणून भोक आधीच मोठं ठेवायचं. याच हिशेबावर ते जिना बांधतात. मला तरी हे थक्क करणारं वाटलं.

"पाइप वापस येते जी," ते म्हणाले. "किती वापस येईल, थे समजूनच वाकवा लागते."

लोखंड ऐकतं. ऐकत नाही तो स्लॅब. घर आधी उभं राहतं, जिन्याचा फोटो नंतर सापडतो. तोवर स्लॅबमध्ये अंदाजे भोक ठेवलेलं असतं आणि त्याच्या कडेला बीम नसतो. खांबाविना जिना वरच्या आणि खालच्या टोकावरच तोललेला. माणूस चढला की तो नुसता खाली दाबत नाही, पीळही देतो. चार-पाच इंचांच्या उघड्या कडेत बोल्ट ठोकून हा पीळ पेलायचा म्हणजे जिवाशी खेळ. कडेला बीम घालायचा आणि ओतकामाआधीच लोखंडी प्लेट त्यात गाडायची, हे स्लॅब पडण्याच्या आधी ठरायला हवं.

मापाचंही तसंच. जिना बसला आणि मग खाली दोन इंचांची फरशी आली, की पहिली पायरी साडेपाच इंचांची होते. वर तेवढीच फरशी चढली की शेवटची साडेनऊ. बाकी साऱ्या साडेसात. पायाला सवय लागते ती मधल्यांची, आणि अडखळतो तो टोकाला.

राष्ट्रीय इमारत संहितेत सुटकेच्या गोल जिन्याचा व्यास किमान 150 सेंटिमीटर सांगितला आहे, आणि वापर कमी माणसांच्या, 9 मीटरपर्यंतच्या इमारतीपुरता. त्याहून उंच न्यायचा तर मध्ये थांबायला बाल्कनी किंवा गच्ची जोडलेली हवी. घरात दुसरा जिना असेल तर हौस ठीक. पण दुकानाच्या माळ्यावर जायला हा एकच जिना असेल, तर पळापळीत लोक आतल्या साडेपाच इंचांवरच ढकलले जाणार. आजाऱ्याला खुर्चीत बसवून खाली आणायची वेळ आली तर खुर्ची वळवायची कुठे, हे फोटोत दिसत नाही.

मी असतानाच एक घरमालक फोटो घेऊन आले. मिस्त्रींनी दर सांगितला नाही, आधी विचारलं, "भोकाच्या कडेले बीम हाय का? टाइल्स बसल्या का?" मालकांना दोन्ही ठाऊक नव्हतं. "मंग इंजिनिअरले घेऊन या जी."

"इंजिनिअर कशाले? जिनाच तर हाय," म्हणत त्यांनी गाडीला किक मारली आणि पुढच्या दुकानाकडे गेले.